दीप्तीच्या अविवाहितपणाची जाहीर नोटीस

नागपूर, १७ मे

चि. दीप्ती हिस,

मामाचा सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे मे महिन्यात नागपूरचा माणूस जितका ठीक असू शकतो तितके. पारा पंचेचाळीसला टेकला आहे, कूलरची मोटर परवा जळाली, तुझ्या मामीचा गुडघा जागेवर आहे पण कामावर नाही, आणि माझी साखर डॉक्टरांच्या मते रक्तात जास्त व माझ्या मते चहात कमी आहे. तुझी प्रकृती कशी आहे? ब्रेमेनला म्हणे मे महिन्यातही स्वेटर घालतात. तिकडची एखादी दुपार पाकिटात घालून पाठवता आली तर पाठव, इथे वाया जाणार नाही.

एवढं लांब पत्र पाहून दचकू नको. तुझा जन्माचा दाखला, त्याचं भाषांतर आणि रहिवासी दाखला कुरियरने पाठवायला गेलो, तर कुरियरवाला म्हणाला की अर्ध्या किलोपर्यंत एकच दर. तुझे कागद भरले एकशे ऐंशी ग्रॅम. हिंगण्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढलेल्या माणसाला गाडी अर्धी रिकामी सोडवत नाही, म्हणून उरलेल्या वजनाचं हे पत्र. (शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून उपयोग नाही. माझा चष्मा आणि माझा फोन यांचं पटत नाही, त्यामुळे माझे सगळे निरोप मला तुझी आईच वाचून दाखवते.)

आधी एक मनातलं बोलून टाकतो, मग पुढे खुशाल हसू. तुझं लग्न ठरलं हे मला तुझ्याकडून कळलं नाही, पिंटूकडून कळलं. पिंटू म्हणजे कचेरीसमोर कडुनिंबाखाली कॉम्प्युटर मांडून बसतो तो. वय पंचेचाळीस, दोन लेकरांचा बाप, डोक्यावर केस मोजके, पण नाव पिंटूच. परदेशी राहणाऱ्यांची इकडची कामं घरबसल्या करून देणारी जी कंपनी तू इंटरनेटवर शोधलीस, जिच्या जाहिरातीत 'तुमच्या शहरातला आमचा अनुभवी प्रतिनिधी' असं लिहिलेलं असतं, तो अनुभवी प्रतिनिधी म्हणजे हा. त्याचा अनुभव इतका दांडगा की काम हातात पडताच तो स्कूटरवर थेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामाजी, हे काम कसं करतेत? पत्ता तं तुमच्याच गल्लीचा दिसून राहिला." कागदावर अर्जदार म्हणून तुझं नाव. काम : अविवाहित असल्याचा दाखला. कारण : विवाह. म्हणजे तू ते काम त्या कंपनीला दिलंस, कंपनीने बंगळुरूला दिलं, बंगळुरूने पिंटूला आणि पिंटूने तुझ्या मामाला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मी तुझा मामा आहे आणि मला ही बातमी प्रतिनिधीचा प्रतिनिधी म्हणून मिळाली.

त्या संध्याकाळी मीच तुला फोन लावला, तेव्हा तू सगळं सांगितलंस. मुलाचं नाव योनास, प्राथमिक शाळेत मास्तर. तिथल्या नोंदणी कार्यालयात १९ जूनची वेळ मिळाली आहे, पाच जूनच्या आत कागद पोचला नाही तर ती वेळ हातची जाणार आणि पुढची थेट डिसेंबरात. आणि आईला एवढ्यात काही सांगायचं नाही. लग्न झाल्यावर सांगशील, म्हणजे तिला नाही म्हणायला जागाच उरणार नाही. मी म्हटलं, अगं ती नाही कशाला म्हणेल? तर म्हणालीस, मामा, तुम्हाला माझी शपथ आहे, एक छोटंसं काम आहे, तेवढं करा. बाई गं, ते छोटंसं काम किती वाढलं ते आता ऐक.

मला आधी वाटलं होतं, चार दिवसांचा प्रश्न आहे. माझ्या कारकिर्दीत गेटपासशिवाय एक नट कारखान्याबाहेर गेला नाही. मला कागद काय शिकवणार? पण पहिल्याच खिडकीवर कळलं की माणसाच्या आयुष्यात जे जे होतं त्या सगळ्याचे नमुने सरकारकडे आहेत. जन्मल्याचा आहे, मेल्याचा आहे, लग्न झाल्याचा आहे, मोडल्याचा आहे. जे झालंच नाही त्याचा मात्र नमुना नाही. खिडकीवरचे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी माझ्यासाठी दोन ड्रॉवर उपसले आणि शेवटी मलाच विचारलं, "काका, जे झालं नाही त्याची नोंद आमी कोणत्या रजिस्टरात पाहाची?" न आलेल्या मालाची पावती मीही कधी फाडली नव्हती. मग त्यांनीच सुचवलं की दोन शेजाऱ्यांचे जबाब आणि जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र घेऊन या, त्यावर काही लिहून देता येतं का बघतो.

पहिला जबाब समोरच्या रुखमाबाईंचा. (अठ्ठ्याहत्तर पूर्ण, दात नाहीत, पण ले-आउटमधल्या कोणत्या घरात काय शिजतं ते वासावरून सांगतात.) पिंटूला घेऊन त्यांच्या ओसरीवर बसलो आणि विचारलं की दीप्तीचं लग्न झालेलं नाही हे तुम्ही खात्रीने सांगू शकता का. त्यांना माझ्या अकलेची कीव आली. म्हणाल्या, "लगन झालं असतं त मले जेवाले बलावलं नसतं का? मी जेवली नाही, म्हंजे लगन झालं नाही. लिव्ह." पिंटूने ते जसंच्या तसं टाईप केलं. मी आयुष्यात पुष्कळ पुरावे पाहिले, इतका बिनतोड पाहिला नाही. या ले-आउटमध्ये रुखमाबाईंना वगळून लग्न लावायची छाती कोणाची आहे? बोलता बोलता मी मुलगा मास्तर असल्याचंही बोलून गेलो, आणि मग हे अंजनाला, तुझ्या आईला, कळू द्यायचं नाही म्हणून त्यांना बजावलं. त्यांनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

दुसरा जबाब भैय्याजींचा. भैय्याजी पोस्टातून निवृत्त झाले आणि निवृत्त झाल्यावरही पत्ता अपुरा असेल तर सख्ख्या भावाला ओळख देत नाहीत. त्यांनी कागद दोनदा वाचला, पेन उघडलं, बंद केलं आणि म्हणाले, "इथलं मी सांगू शकतो. जर्मनीत तिनं का केलं ते मले का माहीत गा? खोटी सही मी नाही करत." मी खूप समजावलं, मामीने ताक दिलं, पण गडी हलेना. अखेर तडजोड म्हणून जबाबात 'नागपूर शहराच्या हद्दीत' एवढे शब्द वाढवले आणि त्यांनी समाधानाने सही केली. त्या हिशेबाने माझं प्रतिज्ञापत्र झालं आणि त्यावर कचेरीने पत्रही दिलं की कु. दीप्ती ही नागपूर शहराच्या हद्दीत अविवाहित आहे. पिंटूने त्याचा फोटो बंगळुरूला पाठवला. तिकडून तासाभरात उलट टपाली निरोप, की हद्दीबाहेर अर्जदाराची स्थिती काय आहे ते कृपया कळवावे. मला भैय्याजींचा इतका राग आला की तीन दिवस मी त्यांच्या फाटकासमोरून गेलो नाही. पण खरं सांगू, माणूस बरोबर होता. तिकडे तुझं काय चाललं आहे हे आमच्यापैकी कोणाला माहीत होतं?

मग मी शालिकराम वकिलांकडे गेलो, आणि इथून पुढचा सगळा दोष माझा. शालिकराम माझा शाळासोबती. गेली चाळीस वर्षं तो फक्त प्लॉटची कामं करतो. मिहानचा विमानतळाजवळचा उद्योग-प्रकल्प आल्यापासून तर वर्धा रोडच्या बाजूला त्याने चाळला नाही असा सातबारा उरला नाही. लग्न या विषयातला त्याचा अनुभव स्वतःच्या एका प्रकरणापुरता, त्यातही तो हरलेला. पण वकील तो वकील. तर्री-पोह्यांच्या दोन प्लेटी संपेपर्यंत त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि बोटं पुसत म्हणाला, "म्हंजे टायटल क्लिअर पायजे, इतकंच ना?" मी हो म्हटलं. तेव्हाच उठून घरी यायला हवं होतं. त्याचं म्हणणं, सर्व हद्दींना लागू पडेल असं करायचं तर एकच रस्ता, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, पंधरा दिवस हरकती मागवायच्या आणि हरकत आली नाही की त्या जोरावर नवं पत्र काढायचं. मला ते पटलं. मजकूर त्याच्यावर सोडला. ३ मेच्या अंकात जे छापून आलं ते खाली उतरवून देतो, कात्रण मामीने लपवलं आहे.

'तमाम लोकांस या जाहीर नोटिसीद्वारे कळविण्यात येते की, माझे पक्षकार श्री. प्रेमानंद रंगारी यांची भाची कु. दीप्ती गजभिये, मूळ राहणार मौजा नागपूर, हल्ली मुक्काम जर्मनी, ही आजमितीस अविवाहित आहे. सदर दीप्ती ही पूर्णपणे निर्वेध व बोजारहित असून तिच्यावर कोणाचाही हक्क, हितसंबंध, गहाण, दान, वहिवाट अगर ताबा नाही. याबाबत कोणाची हरकत असल्यास त्यांनी पंधरा दिवसांचे आत मूळ कागदपत्रांसह निम्नस्वाक्षरीकारांना कळवावे. मुदतीत हरकत न आल्यास सदर दीप्तीवर कोणाचाही हक्क नाही, व असल्यास तो त्यांनी सोडून दिला आहे, असे समजून पुढील व्यवहार पूर्ण करण्यात येईल.'

मी अंक घेऊन धावत गेलो. म्हटलं, शालिकराम, अरे पोरगी आहे ती. तो शांतपणे म्हणाला, "म्हून तं चतुःसीमा नाही टाकली."

वर्तमानपत्र मी मुद्दाम असं निवडलं होतं की जे तुझ्या आईकडे येत नाही आणि माझ्या माहितीत कोणाकडेच येत नाही. पण नागपुरात अग्रलेख एक वेळ कोणी वाचणार नाही, जाहीर नोटिसा सगळे वाचतात. कोणता प्लॉट कुठे निघाला यावर इथे अर्ध्या गावाचं ध्यान. तुझी नोटीस बेसा भागातला एक प्लॉट आणि हिंगण्याकडची दोन एकर यांच्या मधोमध आली होती. नोटिशीखाली शालिकरामने नंबर माझाच छापला होता, सकाळी सातला पहिला फोन एका दलालाचा, कॉर्नरचा आहे का म्हणून. मी त्याला म्हटलं, बाबा, आधी पूर्ण वाच. त्याने ती वाचली. मग ओशाळून माफी मागितली, आणि त्याच दमात विचारलं, "पोरगी शिकली का जी? माह्या साळ्यासाठी पाहून राहिलो आमी."

तिथून जी रांग लागली ती आजतागायत. लोकांनी नोटिशीतली एकच गोष्ट ध्यानात घेतली, की मुलगी जर्मनीत आहे, लग्न झालेलं नाही आणि घरच्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. चौदा दिवसांत नऊ स्थळं आली. एक कामठीचं, त्यांना फक्त एवढंच हवं होतं की मुलीने लग्नानंतर कामठीत राहावं आणि नोकरी मात्र जर्मनीचीच ठेवावी. एक दातांचे डॉक्टर चंद्रपूरहून आले, जाताना माझ्या दाढांविषयी चिंता व्यक्त करून गेले. एक वडील मिहानमध्ये काम करणाऱ्या मुलाला घेऊन दीड तास बसले, पोहे, चहा, आंबा असं क्रमाने सगळं झालं, आणि मुलाने फोनमधून मान वर केली ती फक्त वायफायचा पासवर्ड विचारायला. त्यांच्यापैकी एकानेही हरकत घेतली नाही. मूळ कागदपत्रांसह कोणीही उभं राहिलं नाही. (कॉलेजात असताना तुला रोज गेटपर्यंत सोडायला येणारा तो उंच मुलगा मी विसरलेलो नाही. मुदत उद्या संपते, तोही गप्प आहे. त्याने हक्क सोडला असं शालिकरामच्या भाषेत धरून चालायला हरकत नाही.)

राहता राहिली तुझी आई. तिच्या बाबतीत तू निर्धास्त राहा. तीन घरं सोडून राहते, येता-जाता सगळं दिसतं, तरी मी तिला दाद लागू दिलेली नाही. परवा तिने विचारलंच, "दादा, इतके लोकं काहून येऊन राहिले तुह्या घरी?" मी तयारीत होतो. म्हटलं, घर विकायचा विचार चालू आहे. (हे मामीने स्वयंपाकघरातून ऐकलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि तिला खरं सांगितलं तरी आता पटत नाही.) तुझी आई फक्त 'बरं' म्हणाली. दुसऱ्या दिवशी भरली वांगी घेऊन आली, ब्रेमेनला थंडी किती असते ते विचारलं, आणि मी म्हटलं मला काय माहीत, तर पुन्हा 'बरं' म्हणून गेली. सांगायचा मुद्दा, तिला काही म्हणजे काही कळलेलं नाही. शपथ कशी पाळावी हे तुझ्या मामाकडून शिकावं.

तर उद्या मुदत संपेल, परवा शालिकराम हरकत आली नसल्याचं लिहून देईल, आणि तुझं छोटंसं काम मार्गी लागेल. योनासला मामाचा जय भीम सांग आणि त्याचा अर्थही सांग. जेवणाची आबाळ करू नको. बाकी सर्व तुझ्या येण्यावर राखून ठेवलं आहे.

तुझा मामा,
प्रेमानंद

ता. क. (१८ मे) – पाकीट चिकटवलं होतं, ते फोडावं लागलं. एक हरकत आली आहे.

आज संध्याकाळी पाचला शालिकरामचा फोन आला, की हरकत दाखल झाली आहे, मूळ कागदपत्रांसह, ताबडतोब ये. ऑटोत बसून मी त्या उंच मुलाला मनातल्या मनात नाही नाही ते बोललो. जाऊन बघतो तर शालिकरामच्या टेबलासमोर तुझी आई. मांडीवर कापडी पिशवी, पाठ ताठ, रुग्णालयात ड्युटीवर बसायची तशी. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. शालिकरामने कागद माझ्यापुढे सरकवला. तिच्या हातचं, रेघांच्या वहीतलं पान. त्यावर लिहिलं होतं :

'हरकतदार : अंजना गजभिये, वय ६१, सेवानिवृत्त परिचारिका. मुलगी अविवाहित आहे हे खरं आहे. तिच्यावर कोणाचाही हक्क नाही असं छापलं आहे ते खोटं आहे. माझा आहे. मी तो सोडून दिलेला नाही. मूळ कागद सोबत जोडले आहेत.'

मूळ कागद म्हणजे तू जन्मलीस तेव्हाचं दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, तुझं लशींचं कार्ड, आणि तुझ्या वडिलांच्या आजोबांच्या शाळेचा तो उतारा. आठवतो का? तुझ्या जात पडताळणीसाठी १९५० च्या आधीचा पुरावा हवा होता. तुझे वडील नव्हते, तू बारावीच्या अभ्यासात होतीस, आणि तिने रात्रपाळी करून उमरेडच्या पुढे तीन चकरा मारून तो शोधला होता. शालिकरामने सगळे कागद ओळीने मांडून पाहिले. मग चष्मा काढला आणि म्हणाला, "चाळीस वर्षांत इतकी पक्की हरकत माह्यासमोर आली नाही गा. आता हिनं मागं घेतल्याशिवाय मले पुढं जाता येत नाही."

तिला कळलं कधी, हे विचारायची माझी छाती झाली नाही, तिनेच सांगितलं. रुखमाबाईंनी जबाब दिला त्याच संध्याकाळी. म्हणजे माझं घर विकायचं नाटक, भरली वांगी, ती थंडी, सगळं तिला माहीत असताना चाललं होतं. आज पंचविसावा दिवस आहे. या पंचवीस दिवसांत तू तिला रोज फोन केलास, पाऊस सांगितलास, ब्रेडचे भाव सांगितलेस, आणि ती रोज फोन हातात घेताना समजायची की आज सांगेल. मला फार लाज वाटली, दीप्ती. तुझी शपथ पाळण्याच्या भरात मी माझ्या बहिणीला परकी केलं.

ता. क. दुसरा (२१ मे) – पुन्हा पाकीट फोडलं. कुरियरवाला आता मला नावाने ओळखतो.

जे मी तीन आठवड्यांत करू शकलो नाही ते तुझ्या आईने एका दिवसात केलं. काल ती एकटी त्याच खिडकीवर गेली, त्याच भल्या साहेबांपुढे उभी राहिली आणि मी तिची आई आहे एवढंच म्हणाली. ना शेजारी, ना हद्द, ना नोटीस. आईचं प्रतिज्ञापत्र दोन ओळींचं. त्यावर संध्याकाळपर्यंत पत्र मिळालं, आणि पुढच्या शिक्क्यांची व्यवस्था तिने पिंटूकडून त्याच्या पाठीशी उभं राहून करवून घेतली. (पिंटू म्हणतो, मामाजी, आता कंपनीची असली कामं आली की मी मावशीलेच विचारत जाईन.) तुला हवा तो कागद परवापर्यंत तिच्या कपाटात साड्यांखाली पोचलेला असेल. तो या पाकिटात नाही. तो माझ्या हाती द्यायला ती तयार नाही.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र इथून सुरू होतं.

तिने मला बजावलं आहे की कागद तयार आहे हे तुला कळता कामा नये. म्हणाली, "तिनं कागदासाठी फोन करू नये, दादा." मी फोन करून तुला काही सांगायचं नाही, असंही वचन घेतलं आहे. पत्राविषयी ती काही बोलली नाही. आणि मी काही विचारलं नाही.

हे पाकीट तुला सत्तावीसपर्यंत मिळेल. मिळाल्याबरोबर आईला फोन कर. आपल्याकडे रात्री साडेनऊला ती आडवी होते, तेव्हा तुमच्याकडे सहा वाजलेले असतात, त्याच्या आधी कर. हरकतीचं बोलू नको, नोटिशीचं बोलू नको, माझं नाव तर मुळीच घेऊ नको. माफीही मागू नको, ती रडेल आणि मामी त्याचाही दोष मलाच देईल. एवढंच म्हण, की आई, माझं लग्न ठरलंय. कोणालाच अजून माहीत नाही, पहिल्यांदा तुलाच सांगते आहे, अशा आवाजात म्हण. हरकत आपोआप मागे घेतली जाईल, आणि कागद दुसऱ्या दिवशी निघेल, याची हमी मी देतो.

मी तिला काल म्हटलं, अंजना, सगळ्या ले-आउटने पेपरात वाचलं, तुला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक, मग तिने फोन केला तर तू काय म्हणशील? ती साड्यांच्या घड्या करत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी इचारीन, कोण हाय वं पोट्टा?"